घर हलविताना ‘उफ्’ची कसोटी





आज आपल्या समाजात एक स्थलांतर घरोघरी चालू आहे. त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. चिपळूण, खेड, दापोली, महाड, श्रीवर्धन, कोणत्याही तालुक्यातील मोहल्ल्यात जाऊन पाहा. कर्ती मुले मुंबईला, पुण्याला किंवा आखाती देशांत आणि मागे चिरेबंदी घरात एकटी आई अथवा एकटे वडील. एके दिवशी न्हाणीत पाय घसरतो, रात्री छातीत कळ येते, आणि शेजाऱ्यांना समजेपर्यंत पहाट होते. मग मुले ठरवितात की आता यांना एकटे ठेवायचे नाही. टेम्पो ठरतो, ट्रंका उघडल्या जातात आणि पन्नास वर्षांचा संसार चार दिवसांत गोण्यांत भरला जातो.

हे काम बाहेरून सामानाचे दिसते. प्रत्यक्षात त्याचा अधिक मोठा भाग कागदांचा आणि फोनचा असतो. गॅसची जोडणी जुन्या एजन्सीत जमा करून नव्या गावी घ्यायची, बँकेतील पत्ता बदलायचा, आधार कार्डावरील पत्ता बदलायचा, विजेचे देयक मिटवायचे, फोनचा क्रमांक चालू ठेवायचा. प्रत्येक ठिकाणी एक खिडकी असते किंवा एक फोन असतो, आणि पलीकडे नियम वाचून दाखविणारे कोणीतरी असते. याच ठिकाणी आपल्या ईमानाची एक परीक्षा होते. ती आपल्या ध्यानात येत नाही, कारण त्या वेळी आपण स्वतःला आईवडिलांची सेवा करणारा पुण्यवान पुत्र समजत असतो.

स्वतःच्या चुका चारचौघांत सांगत सुटणे इस्लामला पसंत नाही, हे मी जाणतो. अल्लाहने झाकलेले आपण उघडे करू नये. तरीही पुढील प्रसंग सांगतो. कारण तो झाकलेला नव्हता, घरच्या माणसांसमोर घडला होता, आणि असाच प्रसंग अनेक घरांत घडत असावा, असे मला वाटते.

एका क्रमांकाची गोष्ट

अब्बांच्या निधनाला चार वर्षे झाली होती. अम्मी 74 वर्षांची. गावच्या घरात एकटी. ईदनंतर मशिदीच्या विश्वस्तांकडून आठ दिवसांची रजा घेऊन मी तिला पुण्याला नेण्यासाठी गावी गेलो. थोरले बंधू कुवेतला असतात. ते दररोज रात्री फोनवर विचारीत, आज काय काय झाले?

तिसऱ्या दिवशी घरातल्या मोबाइलचे जुने सिम कार्ड निकामी झाले. तो क्रमांक अब्बांच्या नावावर होता. त्यांच्या मागेही अम्मीने तोच चालू ठेवला होता. नात्यातील प्रत्येकाला तोच तोंडपाठ होता. बँकेचा ओटीपीही त्यावरच येत असे; त्यामुळे तो बंद पडताच पुढची सगळी कामे अडली. नवे सिम हवे, तर कंपनीचे म्हणणे असे की ज्याच्या नावावर क्रमांक आहे त्यानेच ओळखपत्र घेऊन यावे.

दोन दिवसांत मी सहा वेळा फोन लावला. आधी यंत्राचा आवाज, मग अंक दाबणे, मग संगीत, मग एखादा माणूस; आणि दर वेळी सारी हकीकत नव्याने सांगणे. सहाव्या खेपेला एक तरुण मुलगी बोलत होती. मी तिला तीनदा सांगितले की माझे वडील वारले आहेत. तिने तिन्ही वेळा तेच वाक्य वाचून दाखविले की ग्राहकाने स्वतः यावे लागेल. तेव्हा मी ओरडून म्हणालो, “ते कब्रस्तानात आहेत. तुमचा माणूस पाठवा तिकडे आणि घ्या त्यांची सही!” आणखीही काही बोललो, जे मिंबरवर उभे राहणाऱ्या माणसाच्या तोंडी शोभत नाही. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, “सर, मी आपली तक्रार नोंदवून घेते, क्रमांक लिहून घ्या.” मी फोन कापला.

अम्मी माजघरात जुन्या लुगड्यांत भांडी गुंडाळीत बसली होती. तिने आतूनच विचारले, “काय म्हणाली रे ती?” मी उत्तर दिले, “अम्मी, तुला नाही कळायचं त्यातलं. तू तुझं आवर.”

ती काही बोलली नाही. रात्री इशाच्या नमाजनंतर मात्र तिने दोनच वाक्ये उच्चारली. “माझ्यापायी तुला एवढा त्रास नको, राहू दे तो नंबर.” आणि थोड्या वेळाने, “पण बापाचं नाव असं रागात घेऊ नये.”

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर पाहतो तो भरलेल्या दोन गोण्यांची तोंडे सोडलेली. अम्मीने त्यांतून पाटा-वरवंटा काढून ठेवला होता, तांब्याचा हंडा काढून ठेवला होता, अब्बांची खुर्चीही बाजूला केली होती. म्हणाली, “हे नको न्यायला. उगीच ओझं.” आदल्या दिवशी याच वस्तूंसाठी तिने टेम्पोत जागा ठेवायला सांगितले होते. माझ्या एका वाक्याने ती रातोरात आपले सामान कमी करू लागली होती. आपण कोणाच्या तरी डोक्यावरचे ओझे आहोत, असे माणसाला वाटू लागले की तो आधी आपल्या वस्तू कमी करतो, मग आपल्या गरजा आणि मग आपले बोलणे.

‘तुझ्यापाशी’ हा शब्द

आता दिव्य कुरआनकडे वळू या. सूरह बनी इस्राईलच्या 23व्या आयतीत अल्लाहने आपल्या एकट्याच्याच उपासनेची आज्ञा दिली आणि तिला लागूनच आईवडिलांशी सद्वर्तनाची आज्ञा दिली. पुढे सांगितले की त्यांपैकी एक किंवा दोघेही तुझ्यापाशी वार्धक्याला पोहोचले, तर त्यांना ‘उफ्’सुद्धा म्हणू नकोस, त्यांना झिडकारू नकोस आणि त्यांच्याशी आदराने बोल.

‘तुझ्यापाशी’ हा शब्द आपण वाचून पुढे जातो. लहानपणी आपण त्यांच्यापाशी होतो. घर त्यांचे होते, दार कधी उघडायचे आणि कधी लावायचे हे ते ठरवीत. म्हातारपणी ते आपल्यापाशी येतात, तेव्हा घर आपले असते, आणि पाणी कोठे ठेवले आहे हेदेखील त्यांना विचारावे लागते. सत्ता हात बदलते. अल्लाहने ‘उफ्’ची मनाई नेमकी याच वळणावर घातली आहे. जो स्वतःच्या घरात समर्थ आहे, त्याला ‘उफ्’ने फारशी इजा होत नाही. जो दुसऱ्याच्या आश्रयाला आला आहे, त्याच्या काळजात तो एक उच्छ्वासही रुतून बसतो.

मदरशात शिकत असताना ‘उफ्’चा अर्थ मी पाठ केला होता. पुढे मराठी साहित्याचा विद्यार्थी झालो, तेव्हा वाटे की याला मराठीत प्रतिशब्द तरी कोणता द्यावा? हा तर पुरता शब्दही नाही; नुसता तोंडावाटे सोडलेला श्वास. त्या दिवशी प्रतिशब्द सापडले. “थांब ना जरा.” “किती वेळा सांगू?” “तुला नाही कळायचं त्यातलं.” ही सारी ‘उफ्’चीच मराठी भाषांतरे होत.

आपल्यातील काही जण म्हणतील, मी तर आईला काही बोललोच नाही. मी चिडलो ते कंपनीवर. बंधूंनो, आई भिंतीपलीकडे बसलेली असते. तिच्या गॅसपायी, तिच्या बँकेपायी, तिच्या क्रमांकापायी आपण कोणाशी तरी भांडत आहोत, एवढेच तिला ऐकू येते. त्या आरडाओरड्यातून ती स्वतःपुरता एकच अर्थ काढते, की हा त्रास माझ्यामुळे आहे. म्हणून तिच्या कामासाठी तिच्या कानांवर पडेल असा काढलेला राग, तो कोणावरही काढलेला असो, तिच्यापर्यंत ‘उफ्’ होऊनच पोहोचतो.

हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांनी एका यमनी माणसाला पाहिले. तो आपल्या आईला पाठीवर घेऊन काबागृहाची प्रदक्षिणा करीत होता. त्याने विचारले की मी आईचे ऋण फेडले काय? ते उत्तरले की नाही, तिच्या प्रसूतीच्या एका कळेचेही नाही. त्या माणसाने आईला स्वतःच्या पाठीवर वाहिले होते. आपण तिचे सामान वाहतो, तेही टेम्पोने, आणि वरून तिला आपला आवाज ऐकवितो.

तोच शब्द, दुसऱ्या टोकाला

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ज्या ‘उफ्’ शब्दाची कुरआनने आईवडिलांच्या संदर्भात मनाई केली, तोच शब्द हदीसमध्ये आणखी एका प्रसिद्ध ठिकाणी येतो. ते ठिकाण आईवडिलांचे नाही. सेवा करणाऱ्या मुलाचे आहे. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे प्रेषित मुहम्मद (स.) यांची सेवा केली. ते सांगतात की या दहा वर्षांत प्रेषितांनी (स.) मला कधी ‘उफ्’ म्हटले नाही, हे का केलेस किंवा हे का केले नाहीस, असेही विचारले नाही. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

अनस (रजि.) सेवेला आले तेव्हा लहान होते. मुलांच्या हातून कामे राहतात. सहीह मुस्लिममध्ये त्यांनी स्वतःच सांगितलेला प्रसंग आहे. प्रेषितांनी (स.) त्यांना एका कामाला पाठविले. वाटेत बाजारात मुले खेळत होती, अनस (रजि.) तेथेच रेंगाळले. इतक्यात मागून कोणी तरी मानेला हात लावला. वळून पाहतात तो प्रेषित (स.) हसत उभे. त्यांनी लाडाने नाव घेऊन विचारले, की जेथे पाठविले होते तेथे गेलास काय?

या प्रसंगात आपल्या विषयाचे सारे मार्गदर्शन आले आहे. काम झालेले नव्हते. प्रेषितांनी (स.) ते सोडून दिले नाही, स्वतः जाऊन विचारणा केली. म्हणजे अडलेल्या कामाचा पाठपुरावा करणे हे सुन्नतला धरूनच आहे. मात्र विचारणारा चेहरा हसरा होता आणि हाक लाडाची होती. एक ‘उफ्’ आईकडे जाऊ नये आणि एक ‘उफ्’ सेवा देणाऱ्याकडे जाऊ नये. शब्द एकच आहे, कारण तो एकाच हृदयातून निघतो. त्या दुपारी फोनवरच्या मुलीला बोललेली जीभ पुढच्याच क्षणी आईला बोलली. जिभेला दोन दरवाजे नसतात.

मग हक्क सोडून द्यावा काय?

येथे एक रास्त प्रश्न निर्माण होतो. कंपन्या खरोखरच चुकतात. पैसे घेतात आणि सेवा देत नाहीत. मृत माणसाला हजर राहण्यास सांगतात. अशा वेळी मुसलमानाने गप्प बसावे काय?

मुळीच नाही. घेताना पुरते मोजून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्या लोकांचा सूरह मुतफ्फिफीनमध्ये जो धिक्कार आला आहे, तो केवळ तागडीपुरता नाही. सूरह निसाच्या 148व्या आयतीत सांगितले आहे की वाईट बोलणे उघडपणे करणे अल्लाहला आवडत नाही. अपवाद फक्त ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याचा. स्वतः प्रेषितांकडे (स.) एक माणूस आपला उंट परत मागण्यास आला आणि कठोर बोलू लागला. सोबती त्याच्यावर धावून जाणार, तोच प्रेषितांनी (स.) त्यांना आवरले आणि सांगितले की ज्याचा हक्क आहे त्याला बोलण्याचा अधिकार आहे. मग त्याच्या उंटाहून चांगला उंट त्याला देवविला. त्या माणसाचे उद्धट बोलणे आपला आदर्श नव्हे, हे खरे. परंतु हक्क मागणे हा अधिकार आहे, हे येथे निर्विवाद ठरते.

प्रश्न एवढाच उरतो की मागणे कोणाकडे आणि कसे. ज्या मुलीवर मी ओरडलो तिने तो नियम केला नव्हता, आणि तो मोडण्याची सत्ताही तिच्या हाती नव्हती. ज्यांनी नियम केले ते कधी फोनवर येत नाहीत. आपला राग बलवानापर्यंत पोहोचतच नाही. तो वाटेतल्या दुर्बळावर सांडतो. अल्लाहने हजरत मूसा (अलै.) व हजरत हारून (अलै.) यांना फिरऔनकडे पाठविताना त्याच्याशी मवाळपणे बोलण्यास सांगितले होते, हे सूरह ताहामध्ये आहे. आपण मूसा (अलै.) नाही आणि फोनवरील नोकरदार मुलगी फिरऔन नाही. मग आपल्याला कठोरपणाची मोकळीक कोठून मिळाली?

शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही माझा राग तोट्याचा ठरला. ती तक्रार क्रमांक देत होती, आणि तोच मी न घेता फोन कापला. दूरसंचार कंपनीत आधी तक्रार केंद्र आणि त्याच्या निर्णयावर अपील, अशी दोन पायऱ्यांची व्यवस्था असते. वरच्या पायरीवर जाण्यास तोच क्रमांक लागतो. त्यापलीकडे 2019चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. हे सारे मार्ग शांत डोक्याने आणि लेखी कागदाने चालतात. विकताना, विकत घेताना आणि आपला हक्क मागताना जो सौम्य राहतो, त्याच्यासाठी प्रेषितांनी (स.) अल्लाहच्या कृपेची दुआ केली आहे. त्यात मागण्याचाही उल्लेख आहे, हे विसरू नये. मागा, अवश्य मागा. परंतु या दुआच्या छायेत राहून मागा.

कोणी कोणाकडे जावे?

हा लेख वाचणाऱ्यांच्या घरातील अनेक मुले-मुली खिडकीच्या दुसऱ्या बाजूला बसतात. कोणी कॉल सेंटरमध्ये आहे, कोणी बँकेत, कोणी गॅस एजन्सीत, कोणी मोबाइलच्या दुकानात. त्यांच्यासाठीही शिकवण आहे.

हिजरी सन 8 मध्ये मक्का जिंकले गेले. हजरत अबू बक्र (रजि.) यांचे वडील अबू कुहाफा तेव्हा अतिशय वृद्ध झाले होते, दृष्टी गेली होती. अबू बक्र (रजि.) त्यांना हाताला धरून प्रेषितांच्या (स.) भेटीस घेऊन आले. प्रेषितांनी (स.) पाहताच म्हटले की या वृद्धांना घरीच का राहू दिले नाही, मी स्वतःच त्यांच्याकडे आलो असतो. त्या दिवशी मक्केचा विजेता कोण होता आणि भेटीस आलेला कोण होता, याचा विचार करा. शहर ज्यांच्या हाती आले होते, ते एका अंध म्हाताऱ्याच्या दारी जाण्यास तयार होते.

आपण मात्र म्हाताऱ्यांना बाकावर बसवितो. अम्मीचा अंगठा बँकेच्या यंत्रावर उमटत नव्हता; उभे आयुष्य पाट्यावर वाटण वाटून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. तिला चार वेळा हात धुऊन यायला सांगितले गेले. 70 वर्षांवरील ग्राहकांना काही मूलभूत सेवा घरी देण्याची व्यवस्था करावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2017 मध्येच बँकांना दिली आहे. परंतु ती मागावी लागते आणि कोणी आपणहून सांगत नाही. खिडकीमागे बसणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो, असा एखादा मार्ग तुम्हाला ठाऊक असेल, तर समोरच्या वृद्धाने विचारण्याची वाट पाहू नका. तो सांगणे हाही सदका आहे. आणि काम तुमच्या हाती नसेल, तर निदान उत्तर गोड द्या. याच सूरह बनी इस्राईलच्या 28व्या आयतीत, देण्यास जवळ काही नसेल तेव्हा गरजवंताशी मऊ शब्दांत बोलण्याची आज्ञा आहे.

पैगंबरांच्या घरातील स्थलांतर

वृद्ध पित्याला एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याचा प्रसंग कुरआनमध्येही आहे. हजरत यूसुफ (अलै.) यांनी भावांना सांगितले की सारे कुटुंब घेऊन या. तिकडे कनआनमध्ये हजरत याकूब (अलै.) म्हणाले की मला यूसुफचा गंध येतो आहे, तुम्ही मला म्हातारचळ लागला असे न म्हणाल तर. जवळच्या माणसांनी तेच उत्तर दिले, की आपण अजून त्याच जुन्या भ्रमात आहात. काही दिवसांतच तो ‘भ्रम’ खरा ठरला. आईला त्यातले कळत नाही असे म्हणताना मला ही आयत आठवायला हवी होती.

आणि यूसुफ (अलै.) यांनी काय केले? आईवडिलांना जवळ घेतले, अल्लाहने इच्छिले तर येथे निर्भयपणे राहाल असे सांगून त्यांचे स्वागत केले, आणि त्यांना उचलून आपल्या सिंहासनावर बसविले. पुढे अल्लाहच्या उपकारांचे स्मरण करताना त्यांनी तुरुंगातून सुटल्याचा उल्लेख केला, विहिरीचा केला नाही. भाष्यकार सांगतात की समोर उभ्या असलेल्या भावांना लाज वाटू नये म्हणून. त्यांच्या सोसण्याला सीमा नव्हती. तरी आईवडील दारी आले तेव्हा त्यांनी आपल्या कष्टांचा पाढा वाचला नाही.

नव्या घरात येणाऱ्या वृद्धाला सर्वप्रथम काय हवे असते, ते येथे कळते. त्याला निर्भयता हवी असते आणि जागा हवी असते. खोली कितीही लहान असो, सिंहासन म्हणजे घरातील ती जागा, जी त्यांची आहे आणि जिच्यावरून त्यांना कोणी उठविणार नाही. मी अब्बांची खुर्ची आणि पाटा-वरवंटा पुन्हा टेम्पोत चढविला. कुंभार्ली घाट चढताना अम्मी मागे वळून वळून खुर्ची बांधलेली दोरी पाहत होती.

थोडे व्यवहाराचे

ज्यांच्या घरी असे स्थलांतर ठरले आहे, त्यांना काही गोष्टी सुचवितो. काम सुरू करण्यापूर्वी आईवडिलांजवळ बसून विचारा की काय काय न्यायचे आहे. त्यांनी सांगितलेली वस्तू तुम्हाला निरुपयोगी वाटली तरी यादीत लिहा. कोणाच्या नावावर काय आहे, याची वही करा, आणि जे दिवंगतांच्या नावावर आहे ते जाण्यापूर्वीच वारसाच्या नावावर करून घ्या. भांडणाचा संभव असलेला फोन त्यांच्यासमोर लावू नका, अंगणात जा. राग आला आणि उभे असाल तर बसा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. बोलणाऱ्याचे नाव आरंभीच विचारा. नाव घेऊन बोलताना माणसाची जीभ आपोआप आवरते. फोन संपला की आत जाऊन आईला काय झाले ते सांगा, तिला कळेल अशा शब्दांत. ज्याचा क्रमांक आहे, ज्याचे खाते आहे, ज्याचे घर आहे, त्यालाच काही न सांगता निर्णय होत जाणे, हे झिडकारण्याचेच एक रूप आहे.

आमचे काम अखेरीस झाले. ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आम्हा दोघा भावांचे ना-हरकत पत्र एवढे कागद घेऊन मी कंपनीच्या दुकानात गेलो. तेथील तरुणाने तासाभरात अर्ज भरून घेतला. 19 दिवसांनी तो क्रमांक अम्मीच्या नावावर झाला.

एक फिटलेले आणि एक न फिटलेले

अम्मीची मी त्याच दिवशी क्षमा मागितली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरविला आणि विचारले, “चहा टाकू का?” आईचे एवढेच असते.

परंतु त्या मुलीचे काय? तिची क्षमा मागावी म्हणून मी पुन्हा त्या क्रमांकावर फोन लावला. दुसराच कोणी बोलला. तो म्हणाला की आम्ही हजारो आहोत, नाव ठाऊक नसेल तर सापडणे शक्य नाही. नाव मी विचारलेच नव्हते. तेव्हा मला भीती वाटली. नमाज, रोजा आणि जकात घेऊन आलेला, पण कोणाला शिवी दिलेली, कोणावर आळ घेतलेला, कोणाला मारलेले, असा माणूस कयामतच्या दिवशी आपली पुण्ये त्या त्या माणसांना वाटून देता देता कफल्लक होईल, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. म्हणूनच ज्याने आपल्या भावाचा अपराध केला आहे त्याने आजच तो माफ करून घ्यावा, दीनार आणि दिरहम चालणार नाहीत तो दिवस येण्यापूर्वी, असाही आदेश आहे. अल्लाहचे हक्क अल्लाह माफ करील. माणसाचा हक्क त्या माणसानेच माफ करावा लागतो, आणि माझा माणूस हरवला आहे.

अशा वेळी उलमा सांगतात की तौबा करावी, त्या व्यक्तीसाठी दुआ करावी, तिच्या नावे सदका करावा आणि न्यायाच्या दिवसाची आशा अल्लाहवर सोपवावी. मी तेच करतो आहे. परंतु वाचकहो, त्याहून सोपे हे होते की तो फोन कापण्यापूर्वी मी दोन शब्द बोललो असतो.

प्रत्येक फोनच्या आरंभी यंत्र आपल्याला सांगते की हे संभाषण नोंदविले जात आहे. आपण ते ऐकतो आणि विसरतो. सूरह काफच्या 18व्या आयतीत हेच आपल्याला कितीतरी आधी सांगून ठेवले आहे, की माणूस एकही शब्द उच्चारीत नाही, ज्याच्यापाशी एक पहारेकरी तत्पर नसतो.

निराश मात्र होऊ नये. ‘उफ्’च्या मनाईनंतर दोनच आयतींनी अल्लाह सांगतो की तुमच्या अंतःकरणात काय आहे ते तुमचा पालनकर्ता चांगले जाणतो; तुम्ही सदाचारी राहाल, तर वारंवार त्याच्याकडे वळणाऱ्यांना तो क्षमा करणारा आहे. आईवडिलांविषयी मनात प्रेम असूनही ज्याच्या तोंडून एखादा शब्द निसटतो, त्याच्यासाठी ही आशा आहे, असे काही भाष्यकारांनी लिहिले आहे. अट एकच, वळायचे.

हे अल्लाह, आमच्या आईवडिलांवर दया कर, जे आमच्यापाशी आहेत त्यांच्यावर आणि जे तुझ्यापाशी आले त्यांच्यावरही. त्यांचे सामान वाहण्याचे बळ आमच्या हातांना दे आणि त्यांचे मन सांभाळण्याचे बळ आमच्या जिभेला दे. आमच्या रागामुळे ज्यांचा दिवस कडू झाला आणि ज्यांची नावे आम्हाला ठाऊक नाहीत, त्यांना तू ओळखतोस. त्यांचे भले कर आणि त्यांच्या मनात आमच्यासाठी क्षमा उत्पन्न कर. आमीन.